कडं

कोठुळे रिक्षातून आले, दहीपुलावरून थेट गंगापूर रोडला,
कडीचा डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून.
"मॅडम, लोणी मुकं झालंय."
झाकण काढलं, मी नाक लावलं.
दही म्हणून खोड काढायला जागा नव्हती,
आंबट बेताचं, कवडी पडलेली.
फक्त तो वास नव्हता
ज्याच्यासाठी पंचवटीतली माणसं पूल ओलांडून
पाव किलोला रांग लावत.

त्यांना स्टुलावर बसवलं, कागदावर एक गोल काढला.
हा जंतू. ही त्याची मोठी पोथी.
आणि हे पोथीबाहेरचं, सुटं, आठेक हजार अक्षरांचं कडं.
"चांदीचं?" त्यांनी विचारलं. हसले नाहीत.

कड्यात एका दाराची कृती लिहिलेली असते.
दूध गोड आहे तोवर ती वाचायची फारशी घाई नसते.
आंबट चढू लागलं
की भराभर वाचली जाते, दारं बसतात,
दुधातलं सायट्रेट आत येतं,
आत इतकं साचतं की जंतूला जड होतं
आणि तो एक अर्धवट रेणू दाराबाहेर टाकून देतो.
त्याला हवा लागते.
उरलेलं हवा करते.
डायअ‍ॅसिटिल म्हणतात त्याला. तुमच्या गिऱ्हाइकाला ते माहीत आहे,
नाव माहीत नाही.

"म्हणून रवी जोरात फिरवायची," कोठुळे म्हणाले.
हे मला कुठल्या पुस्तकात एवढ्या थोडक्यात मिळालं नव्हतं.

अजून एक जनुक आहे, पोथीतलं, फार टापटिपीचं.
तो रेणू बाहेर पडायच्या आत उचलतं,
पुसतं, घडी घालतं, वास नसलेलं काहीतरी करून ठेवतं.
ते जितकं कामसू, तितकं लोणी गप्प.
ते मला ओळखीचं वाटतं.
माझ्या स्वयंपाकघरात कशालाच वास नसतो.

तीन दिवसांनी बशा काढल्या.
कडं असलेला ठिपका निळा येतो, नसलेला पांढरा.
सगळ्या पांढऱ्या.
मी मोजत राहिले, उगाच, दोनशे बारापर्यंत.

एप्रिलात त्यांचा फ्रीज आठवडाभर बंद होता.
उन्हाळ्यात कडं जड होतं.
एखादा जंतू दुभंगताना ते एकाच पोराच्या वाट्याला येतं,
दुसरं मोकळं सुटतं, जास्त पळतं, जास्त वाढतं,
आणि रोजच्या विरजणात
पळणाऱ्यांचीच भरती होत जाते.
कुणी चोरलं नाही. कुणी मेलंही नाही.

"हे विरजण आणखी कुणाकडे दिलं होतं?"
ते टेबलाच्या कडेकडे बघत बसले.
मग म्हणाले, चांदोरीला. पारू. बहीण.
लग्नात नेलं होतं तिने, पितळी गडूत.
अठ्ठ्याण्णव साली.
त्यानंतर शेताच्या कागदावर सही झाली,
त्यानंतर जाणं झालं नाही.

गेले. पोचेपर्यंत दिवे लागले होते,
आणि दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत.
पारूबाईंनी दारातच सांगितलं, सकाळी.
पाणी दिलं, भाकरी वाढली, गोधडी टाकली.
बोललात काय, मी विचारलं.
"म्हशीबद्दल," ते म्हणाले.

त्या दह्याच्या बशीत पहिले दोन दिवस काही नव्हतं.
तिसऱ्या सकाळी, नळाला पाणी यायच्या आधी,
पांढऱ्यात अकरा निळे.
अकराच.
पुरतात. मी सुईने एकेक उचलला,
नळ्यांवर तारीख घातली, गावाचं नाव घातलं,
एक नळी उणे ऐंशीत ठेवली, फ्रीज बंद पडला तर म्हणून.

दिवाळीच्या आधी ते आले, फी विचारायला.
फी नसते म्हटलं.
वडाच्या पानातला गोळा टेबलावर ठेवून गेले, माझ्या रजिस्टरवरच.
नोव्हेंबराच्या पानावर अजून डाग आहे.

घरी येऊन हात धुतले, साबणाने, दोनदा, सवयीने.
तरी चहाचा कप उचलताना बोटांपाशी तो होता.
तिसऱ्यांदा उठले नाही.